जुना प्रिंटर आणि नवी संगणकप्रणाली

म्हैसूर शहरातील लष्कर मोहल्ल्यात प्रती काढून देणारे एक लहानसे दुकान आहे, अशी कल्पना करू. विंडोज १० या प्रणालीचे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, म्हणून दुकानदाराने संगणकावर विंडोज ११ बसविली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक विद्यार्थिनी परीक्षेचे प्रवेशपत्र छापून घेण्यास आली. कागद होता, शाईची भुकटी होती, तारही जोडलेली होती. परंतु जुना प्रिंटर काही केल्या हलेना. यंत्र नादुरुस्त झाले होते काय? नाही. संगणक व यंत्र यांच्यामधील दुभाषा तेवढा हरवला होता.

या दुभाष्यास ड्रायव्हर म्हणतात. ज्या मोहल्ल्यात कन्नड, उर्दू, तमिळ व मराठी या भाषा कानी पडतात, तेथे दुभाष्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. संगणकातील मजकूर प्रिंटरला समजेल अशा आज्ञांमध्ये उतरविणे, हे ड्रायव्हरचे काम होय.

तो नव्या प्रणालीत निरुपयोगी का ठरतो? याची मुख्य कारणे दोन आहेत. विंडोज १० ही ३२ बिट व ६४ बिट अशा दोन्ही रूपांत मिळत असे. २०२१ साली आलेली विंडोज ११ केवळ ६४ बिट रूपातच आहे. ३२ बिट प्रणालीसाठी लिहिलेला ड्रायव्हर तिच्यात चालत नाही. दुसरे असे की, सुरक्षेसाठी ड्रायव्हरवर विश्वसनीय संगणकीय स्वाक्षरी असण्याविषयीचे नियम उत्तरोत्तर कडक होत गेले आहेत.

प्रिंटरचेही दोन वर्ग आहेत. काहींना पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल यांसारखी पृष्ठवर्णनाची भाषा अवगत असते. त्यांच्याकरिता सामान्य स्वरूपाचा ड्रायव्हरही पुष्कळदा पुरतो. इतर स्वस्त यंत्रांत ही बुद्धी नसते. पानाचे ठिपक्यांत रूपांतर संगणकानेच करावयाचे आणि यंत्राने ते निर्मात्याच्या खास संकेतांतून स्वीकारावयाचे, अशी त्यांची रचना असते. एचपीचा लेझरजेट १०२० हा या वर्गातील आहे. चालू केल्यावर त्याची अंतर्गत आज्ञावलीदेखील संगणकाकडून त्याच्यात भरावी लागते. अशा यंत्राचा दुभाषा गमावला, तर यंत्र मुके होते.

आता शोध कसा करावा ते पाहू. प्रथम यंत्रावरील नमुना-क्रमांक अक्षरश: टिपून घ्यावा. यूएसबीने जोडलेल्या प्रत्येक उपकरणास निर्मात्याचा व नमुन्याचा असे दोन संकेतांक असतात. ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहता येतात. एचपीचा निर्माता-संकेतांक ०३एफ० आहे. त्यानंतर निर्मात्याच्या स्वत:च्या संकेतस्थळावर ६४ बिट ड्रायव्हर शोधावा. विंडोज ११ चा उल्लेख तेथे नसला, तरी विंडोज १० किंवा ७ साठीचा ६४ बिट ड्रायव्हर अनेकदा चालतो. तोही न मिळाल्यास निर्मात्याचा सामाईक ड्रायव्हर वापरून पाहावा. कोणताही ड्रायव्हर तत्काळ देऊ, असे सांगणाऱ्या अनोळखी ठिकाणांपासून मात्र दूर राहावे. दुभाष्याच्या वेषात चोर घरात शिरू शकतो.

हेही साधले नाही, तर आणखी एक मार्ग उरतो. एखाद्या जुन्या संगणकावर लिनक्स प्रणाली बसवून, कप्स या मुद्रणव्यवस्थेद्वारे तो प्रिंटर जाळ्यावर सर्वांस खुला करावा. लेझरजेट १०२० सारख्या यंत्रांसाठी लिनक्समध्ये मुक्त ड्रायव्हर उपलब्ध आहेत. मग नवा संगणक मधल्या संगणकाशी आयपीपी या सर्वमान्य मुद्रण-संकेतात बोलतो, आणि मधला संगणक यंत्राशी त्याच्या भाषेत बोलतो.

भविष्याचा कलही याच दिशेने आहे. निर्मात्यांचे निरनिराळे ड्रायव्हर विंडोजद्वारे पुरविण्याची पद्धत क्रमाक्रमाने बंद करून सर्वमान्य संकेतावर भर देण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टने २०२३ साली जाहीर केले. नव्या प्रिंटरांना याने सोय होईल. जुन्यांचा प्रश्न मात्र शिल्लक राहील.

या प्रश्नाला इतिहास आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्स कंपनीच्या लेसर प्रिंटरच्या आज्ञावलीत सुधारणा करावयाची होती; परंतु तिचा मूळ पाठ त्यांना नाकारण्यात आला. त्या अनुभवाचा त्यांच्या विचारांवर परिणाम झाला आणि १९८३ मध्ये त्यांनी मुक्त आज्ञावलीची ग्नू योजना घोषित केली. यंत्र आपल्या मालकीचे असले, तरी त्याची भाषा परक्याच्या कुलपात असेल, तर ती मालकी अपुरीच होय.

यास्तव प्रणाली बदलण्यापूर्वी प्रिंटरचा ६४ बिट ड्रायव्हर मिळवून वेगळ्या जागी जपून ठेवावा. भारतात प्रिंटर हा ई-कचरा नियमांच्या कक्षेत येतो. तो टाकून देणे ही शेवटची पायरी असावी, पहिली नव्हे. त्या विद्यार्थिनीचे प्रवेशपत्र अडले, ते यंत्र जुने झाले म्हणून नव्हे. दुभाष्याची सोय आधी पाहिली नाही म्हणून.