घाटात आधी, पुस्तकात नंतर

व्यवस्थापनाची तत्त्वे शिकवणारे प्रथम वर्षाचे कोणतेही पुस्तक उघडा, सुरुवातीच्या प्रकरणांत दोन नावे भेटतातच: अमेरिकेचा फ्रेडरिक टेलर आणि फ्रान्सचा हेन्री फेयॉल. टेलरचे पुस्तक 1911चे, फेयॉलची 14 तत्त्वे 1916ची. कर्जत-खोपोलीकडची मुले परीक्षेच्या आदल्या रात्री ही तत्त्वे घोकतात आणि सकाळी ज्या लोकलने पेपरला जातात, तिच्या खिडकीतून पळसदरीला बोरघाट दिसतो. या घाटात रेल्वेचे काम सुरू झाले जानेवारी 1856 मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये टेलर जन्माला आला. 1863 मध्ये घाटातून गाडी धावू लागली तेव्हा फेयॉल 21 वर्षांचा होता आणि कोमांत्रीच्या कोळसा खाणीत इंजिनिअर म्हणून नोकरीला लागून त्याला तीनच वर्षे झाली होती. पुस्तकातली बहुतेक तत्त्वे त्याआधीच इथे वापरली गेली होती, मोडली गेली होती आणि मोडल्याची किंमतही वसूल झाली होती.

आधी नियोजनाचे पाहू, कारण ते खरोखरच उत्तम होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याच्यापुढे प्रश्न असा होता की, सुमारे 16 मैलांत 1,831 फूट चढायचे कसे? उत्तर म्हणून 25 बोगदे, आठ मोठे पूल आणि काही ठिकाणी 37 फुटांमागे एक फूट असा खडा चढ आखला गेला. खंडाळ्याच्या अलीकडे डोंगर वळायलाच जागा देईना, तेव्हा तिथे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ काढले. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. अडचण हटवता येत नसेल तर ती वेळापत्रकात बसवायची, असा तो विचार. 1929 पर्यंत ही व्यवस्था चालली.

लोककथा मात्र या आखणीचे श्रेय बर्कलीला देत नाही. घाटाची वाट इंग्रजांना शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि त्यांनी त्याला बदल्यात मृत्यू दिला, असे इकडे सांगतात. खोपोलीहून जुन्या रस्त्याने वर जाताना त्याचे देऊळ लागते आणि ट्रकवाले आजही तिथे नाणे टाकून पुढे जातात. कथा खरी की खोटी हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. जागेची माहिती असणारा माणूस आणि आराखड्यावर सही करणारा माणूस वेगळे असतात, एवढे इथल्या लोकांनी ओळखले होते.

संघटनाचीही एक गोष्ट दाद देण्याजोगी. घाट होईपर्यंत कंपनी हात बांधून बसली नाही. 12 मे 1856 रोजी रूळ खोपोलीपर्यंत आणले, वर खंडाळा ते पुणे मार्ग 1858 मध्ये सुरू केला. मधला टप्पा प्रवाशांनी पालखी, तट्टू नाहीतर गाडीने पार करायचा. आजची कर्जत-खोपोली लोकल त्याच जुन्या फाट्यावरून धावते. अर्धे काम पूर्ण होताच ते उत्पन्न देऊ लागले पाहिजे, हे शहाणपण आजच्या अनेक सरकारी प्रकल्पांपेक्षा पुढचे आहे.

पण संघटनाचा दुसरा भाग, म्हणजे माणसांची साखळी, तिथे सगळे बिघडले. 1855 मध्ये अमेरिकेत ईरी रेल्वेच्या डॅनियल मॅककॅलमने कोण कोणाला जबाबदार हे दाखवणारा झाडासारखा तक्ता काढला. संघटनेचा असा तक्ता जगात पहिलाच, असे मानतात. बोरघाटाचा तसा तक्ता काढला असता तर तो फारच उंच झाला असता. संचालक मंडळ लंडनला, मुख्य अभियंता मुंबईला, त्याखाली कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल, त्याखाली युरोपीय पोटकंत्राटदार, त्यांच्याखाली मुकादम आणि सर्वांत खाली टोळी. दोरांनी कड्यावर लोंबकळत सुरुंगाची भोके पाडणारा माणूस या तक्त्याच्या तळाशी होता. मजुरी वरून निघायची आणि प्रत्येक पायरीवर थोडी झिजत खाली यायची.

त्यात पावसाळा. ‘कर्मचाऱ्यांचे स्थैर्य’ हे फेयॉलचे एक तत्त्व आहे. घाटात दरवर्षी जूनमध्ये काम जवळजवळ थांबायचे, माणसे पेरणीला गावी निघून जायची आणि दसऱ्यानंतर टोळ्या पुन्हा नव्याने जमवाव्या लागायच्या. त्यामुळे जुनी बाकी चुकती न होता हंगाम संपला, तर ती मिळण्याची आशा मजुराला उरत नसे. पटकीची साथ आली की टोळ्याच्या टोळ्या उठून जात आणि किती माणसे तिथेच मेली याची नीट नोंदही कोणी ठेवली नाही.

20 जानेवारी 1859 रोजी हा हिशेब फुटला. मजुरांनी युरोपीय देखरेखवाल्यांवर हल्ला केला. मुंबई सरकारने चौकशी केली तेव्हा मजुरीच्या तक्रारीत तथ्य आढळले. कबूल केलेला दर एक, हातात पडणारा दुसरा, तोही उशिरा. त्याच वर्षी फॅव्हिएलने कंत्राट सोडले. पुढच्या वर्षी रेल्वे व सार्वजनिक कामांवरील मालक-मजुरांच्या तंट्यांसाठी कायदा झाला. मजुरीचे वाद दंडाधिकाऱ्याने झटपट मिटवावेत, असे त्यात होते. पण त्याच कायद्याने काम अर्धवट सोडणाऱ्या मजुरालाही शिक्षेच्या कक्षेत आणले. तक्रार वेतनाची होती, उत्तरात शिस्तही मिळाली. हा प्रकार नंतरच्या व्यवस्थापनात इतका पाहायला मिळतो की त्याला पंधरावे तत्त्व म्हणायला हरकत नाही.

पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच आजाराने वारला. अशा वेळी कंत्राट गुंडाळले जाणे स्वाभाविक होते. त्याची पत्नी ॲलिस हिने ते चालू ठेवले. घाटाची आधीपासून माहिती असलेल्या ॲडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांकडे तिने कामाची सूत्रे सोपवली, आणि त्यानंतर काम कधी नव्हते इतक्या वेगाने चालले. 1861 मध्ये घाटात 42 हजारांवर माणसे होती. पुस्तकात अधिकार सोपवण्यावर एक प्रकरण असते आणि त्यात उदाहरण बहुधा परदेशी कंपनीचे असते. हे उदाहरण खंडाळ्याखालचे आहे. मार्ग मे 1863 मध्ये सुरू झाला. बर्कली तो पाहू शकला नाही. इंग्लंडला परतून तो 1862 मध्ये वारला होता.

नियंत्रण हे प्रकरण पुस्तकात शेवटी असते आणि वर्गात ते बहुधा घाईने उरकले जाते. घाटातही तसेच झाले होते. 1867च्या पावसाळ्यात म्हौ की मल्ली हा दगडी पूल कोसळला. बांधकाम निकृष्ट निघाले आणि मग कंपनीच्या इतर पुलांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. कारण शोधताना दगड-चुन्याच्या थोडे मागे जावे लागते. कंपनीला भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती आणि ती हिंदुस्थानच्या महसुलातून भागवली जाई. वरच्याला नफ्याची हमी, खालच्याला ठरलेल्या रकमेत काम उरकायचे. अशा वेळी भिंतीच्या पोटात काय भरले आहे हे बघण्याची निकड दोघांनाही नसते.

मात्र नियंत्रणाचा उत्तम नमुनाही याच घाटात आहे. उतरणीवर ‘कॅच सायडिंग’ आहेत. खाली येणाऱ्या गाडीपुढचे रूळ एरवी मुख्य मार्गाकडे नसतात, चढाच्या आडमार्गाकडे वळवलेले असतात. गाडीने थांबून ब्रेक शाबूत असल्याचे दाखवायचे, मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. चालकावर विश्वास नाही असा याचा अर्थ नव्हे. चूक झालीच तर ती कुठे जाऊन थांबेल, हे आधीच ठरवलेले आहे.

1915 मध्ये टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. लोणावळ्याकडे अडवलेले पावसाचे पाणी सुमारे 500 मीटर खाली आणून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवायची, ही योजना घाटाइतकीच धाडसी होती. तोवर टेलर छापून चार वर्षे झाली होती. माणूस दिवसाला किती ओझे उचलू शकतो, हे त्याने घड्याळ लावून मोजले. घाटातल्या मजुराचा प्रश्न मात्र वेगळा होता: माझी मजुरी द्यायला बांधील कोण?

याचे उत्तर यायला शतक उलटले. 1970च्या कंत्राटी कामगार कायद्याने सांगितले की वेतन द्यायचे कंत्राटदारानेच, वाटपाच्या वेळी मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर हवा, आणि कंत्राटदाराने दिले नाही तर मूळ मालकाने ते द्यावे आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करावे. खोपोली-खालापूर पट्ट्यात आज कारखान्यांच्या फाटकावर सकाळी ज्या टोळ्या उभ्या असतात, त्यांत याच तत्त्वांचा पेपर देणारी मुलेही सुट्टीत काम करताना भेटतात. ‘योग्य मोबदला’ या प्रश्नाला उत्तर लिहिताना त्यांनी फेयॉलबरोबर 2025 पर्यंत लागू असलेल्या या कायद्याचे कलम 21ही लिहावे. मार्क त्याचेही मिळायला हवेत.