मेंदूच्या चेताजालात शिरलेली गाठ

ग्लायोब्लास्टोमा या मेंदूतील अत्यंत घातक गाठीवर शस्त्रक्रियेनंतर किरणोपचारांच्या जोडीला टेमोझोलोमाइड हे औषध देण्याची पद्धत २००५ साली रूढ झाली, तेव्हा निम्मे रुग्ण हयात असण्याचा कालावधी १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेला; त्यानंतरच्या दोन दशकांत त्यात पडलेली भर तुटपुंजीच आहे. ही गाठ मेंदूत वाढते खरी, पण मेंदूच्या कामकाजापासून ती अलिप्त असते, असे गृहीत धरूनच बराच काळ उपचार शोधले गेले, हे या अपयशामागचे एक मोठे कारण मानावे लागेल.

या गृहीतकाला पहिला जबर धक्का २०१५ साली बसला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मिशेल मोंजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या ग्लायोमातील, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींशी नाते असलेल्या ग्लायोब्लास्टोमासारख्या गाठीतील, पेशी उंदरांच्या मेंदूत रुजवल्या आणि हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागातील चेतापेशी प्रकाशाच्या साहाय्याने उद्दीपित केल्या, तेव्हा गाठीच्या पेशींचे विभाजन वाढले. उद्दीपनामुळे बाहेर पडणारे न्यूरोलिगिन-३ हे प्रथिन त्यामागे होते; ज्या उंदरांत हे प्रथिन नव्हते, त्यांच्यात गाठीची वाढ खुंटल्याचे पुढे दिसून आले.

मात्र खरी कलाटणी मिळाली ती २०१९ साली. मोंजे यांच्या आणि हायडेलबर्ग येथील फ्रँक विंकलर व थॉमस कुनर यांच्या गटांनी दाखवून दिले की, चेतापेशी ग्लायोमाच्या पेशींशी प्रत्यक्ष चेतासंधी जुळवतात. एका चेतापेशीने रसायन सोडून दुसरीला संदेश द्यावा, अशी ही जागा. तेथे ग्लूटामेट हे रसायन गाठीच्या पेशीवरील ग्राहींना चिकटते, पेशीत विद्युतभार बदलतो, कॅल्शियमची पातळी वाढते आणि गाठीच्या वाढीला व प्रसाराला बळ मिळते. उलट बाजूने ग्लायोमाच्या पेशीही ग्लूटामेट स्रवतात, त्यामुळे भोवतालच्या चेतापेशी अतिउत्तेजित होतात आणि रुग्णाला फिट्स येतात. म्हणजेच गाठ स्वतःला पोसणारी उत्तेजना स्वतःच वाढवते.

हा संबंध किती रोजच्या अनुभवाशी निगडित असू शकतो, हे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून कळते. एनएफ१ या जनुकातील दोषामुळे दृष्टिचेतेवर गाठ होण्याचा धोका असलेल्या उंदरांना अंधारात वाढवले असता, गाठी बनण्याचे प्रमाण घटले. डोळ्यांवर पडणारा प्रकाशदेखील गाठीला हातभार लावत होता.

उपचारांची नवी दिशा यातूनच निघते. ग्लूटामेटचे हे ग्राही रोखणारे पेरॅम्पॅनेल हे औषध अपस्मारासाठी आधीपासून वापरात आहे आणि उंदरांत त्याने ग्लायोमाच्या पेशींचे विभाजन मंदावले. चेतासंधी घडवणारे संकेत रोखणाऱ्या गाबापेंटिनबाबतही तसेच दिसले. परंतु विचार, वाचा आणि स्मृती ज्या चेतासंधींवर चालतात, त्यांना धक्का न लावता केवळ गाठीकडे जाणारे संदेश तोडणे, हे खरे आव्हान आहे. शिवाय फिट्सवरील कोणतेही औषध गाठीवर चालते, असा याचा अर्थ नव्हे. चार मोठ्या चाचण्यांच्या २०१६ सालच्या एकत्रित विश्लेषणात लेव्हेटिरासिटाम आणि व्हॅल्प्रोएट यांनी ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. म्हणून रुग्णांनी व नातेवाइकांनी अशी औषधे स्वतःहून सुरू किंवा बंद करू नयेत आणि आपल्यासाठी एखादी वैद्यकीय चाचणी खुली आहे का, हे मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून विचारावे.