कॅप्टन हॅडॉकच्या घराचे खरे मालक

टिनटिनच्या चित्रकथांतल्या खऱ्या जागा शोधत हिंडायचं तर युरोपात महिने कमी पडतील. ज्या जुन्या बाजारात टिनटिनला ‘युनिकॉर्न’ जहाजाची प्रतिकृती सापडते, तो ब्रसेल्सच्या एका चौकात आजही भरतो. जिनिव्हाच्या स्टेशनाजवळ हॉटेल कॉर्नाव्हँ उभं आहे. आपला कुतुबमिनार आणि लाल किल्लाही ‘टिनटिन इन तिबेट’मध्ये येऊन गेले आहेत. पण या सगळ्या जागा वाटेवरच्या. नंतरच्या पुस्तकांत मोहीम संपली की टिनटिन, त्याचा कुत्रा स्नोई आणि कॅप्टन हॅडॉक परततात ते मार्लिनस्पाइक हॉलला. मला ते घर बघायचं होतं, म्हणून ते ज्याच्यावरून रेखाटलं त्या फ्रान्समधल्या शेव्हर्नीला मी गेले.

लुआरच्या खोऱ्यात, ब्लुआ शहरापासून जवळच हा प्रासाद आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात उरो घराण्याने तो बांधला. स्थपती ब्लुआचाच, जाक बूजिए. मधल्या काळात तो विकला गेला, परत घेतला गेला, फ्रेंच क्रांतीतूनही वाचला. घराणं अजून तिथेच राहतं आणि १९२२पासून लोकांना तिकीट काढून आत जाता येतं. एवढा इतिहास पुरे, कारण माझं लक्ष पहिल्यापासून छपरांकडे होतं.

समोरून पाहिलं की इमारतीचे पाच भाग दिसतात आणि प्रत्येकाचं छप्पर वेगळं. मधोमध जिन्याचा अरुंद, उंच भाग. त्याच्या दोन्ही बाजूंना स्लेटची उभट छपरं. आणि दोन टोकांना घुमटाकार छपरांचे दोन भारदस्त भाग. आता ही दोन टोकं हाताच्या पंजांनी झाका. जे उरतं ते मार्लिनस्पाइक! मी हिरवळीवर उभी राहून हेच केलं, आणि शेजारची एक आई आपल्या मुलाला तेच करायला शिकवत होती.

टोकं वगळण्याचं हे काम टिनटिनचा निर्माता एर्जे याने १९४२च्या सुमाराला केलं. बेल्जियम तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता आणि ‘द सीक्रेट ऑफ द युनिकॉर्न’ एका दैनिकात रोज तुकड्यातुकड्याने छापून येत होतं. त्या गोष्टीत हे घर प्रथम दिसतं ते बदमाशांचं म्हणून. टिनटिनला तिथे तळघरात कोंडतात. पुढच्या पुस्तकात प्रोफेसर कॅल्क्युलस आपल्या पाणबुडीच्या शोधाचे पैसे देतो, घर हॅडॉकच्या हाती येतं आणि खजिना तळघरातच निघतो. दोन टोकं काढली नसती तर हे शक्य झालं नसतं असं मला वाटतं. शेव्हर्नी सरदाराचा प्रासाद आहे, तिथे हॅडॉकसारखा दर्यावर्दी पाहुणा म्हणूनच शोभला असता. टोकं गेल्यावर राहिलं ते खानदानी पण राहण्याजोगं घर: नोकर एकच, नेस्टर, आणि खाटकाच्या दुकानाचे फोन सारखे चुकून इथेच लागणारे. किती काढायचं हे कळण्यातली ही जाण मला एर्जेच्या रेषेइतकीच मोठी वाटते.

आवारात २००१पासून टिनटिनचं कायमचं प्रदर्शन आहे. गायिका कास्ताफिओरेची खोली, कॅल्क्युलसची प्रयोगशाळा, सगळं उभं केलेलं. मुलं तिथे रमतात, पण त्यांचे पाय खरे खिळतात ते कुत्र्यांच्या वाड्यापाशी. शेव्हर्नीत शंभराच्या आसपास शिकारी कुत्रे आहेत, इंग्लिश फॉक्सहाउंड आणि फ्रेंच प्वातव्हँ यांच्या संकरातून आलेले, उंच आणि तिरंगी अंगाचे. जेवणाच्या वेळी त्यांचा रखवालदार सिमेंटच्या फरशीवर अन्नाची लांबच लांब रांग मांडतो. कुत्रे मागे रेटारेटी करतात, लाळ गळते, पण पुढे कोणी येत नाही. रखवालदाराच्या हातात चाबूक असतो, तरी कळप थोपवून धरतो तो त्याचा आवाज. एखाद्याने पंजा पुढे टाकलाच तर तो त्याला नावाने दटावतो. शंभर कुत्र्यांत नेमकं नाव! मग खूण होते, आणि काही मिनिटांत फरशी चाटूनपुसून साफ.

मालकांपुढची पहिली अडचण या कुत्र्यांचीच. ते शोभेचे नाहीत; हिवाळ्यात घोडेस्वारांबरोबर हरणामागे जंगलात जातात. इंग्लंडने अशा शिकारीवर कायद्याने बंदी आणली, फ्रान्समध्ये ती अजून चालते आणि तिच्या विरोधातला आवाज वाढतो आहे. रखवालदाराचं कसब पाहून मी थक्क झाले, तरी दमेपर्यंत पळवलेल्या हरणाची बाजू मला सोडता येत नाही. शिकार थांबावी आणि कुत्रे राहावेत असं मला वाटतं. पण शिकारीशिवाय हा कळप कोण पोसेल, याचं उत्तर माझ्यापाशी नाही.

दुसरी अडचण घराची. भिंतींना बूरेचा दगड आहे. तो जुना होताना पांढरा आणि टणक होत जातो, म्हणून भिंती इतक्या उजळ दिसतात. स्लेटच्या छपराचं तसं नाही. ते बदलतच राहावं लागतं. एर्जेला दोन टोकं खोडरबराने पुसता आली, मालकांना पाचही छपरं राखायची आहेत. ‘द कास्ताफिओरे एमरल्ड’ या १९६३च्या पुस्तकात जिन्याची एक पायरी फुटते, गवंडी रोज उद्याचा वायदा करतो आणि जो तो तिच्यावरून घसरतो. लहानपणी मी त्यावर नुसती हसत होते. शेव्हर्नीचा खरा दगडी जिना चढताना मनात दुरुस्तीच्या खर्चाचा हिशेब चालू होता.

हा हिशेब मुख्यतः तिकिटांवर जुळतो. २०२०च्या वसंतात साथीमुळे दारं बंद झाली तेव्हा कुत्र्यांचं जेवण आणि छपरांची गळती काही बंद झाली नाही. आणि तिकिटं काढायला लोकांना ओढून आणणाऱ्यांत टिनटिनचा वाटा मोठा आहे. एर्जे १९८३मध्ये गेला. आपल्यामागे टिनटिनच्या नव्या गोष्टी कोणी करू नयेत अशी त्याची इच्छा होती आणि ती पाळली गेली आहे. ती पाळली गेली हे मला योग्यच वाटतं. पण शेव्हर्नीच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की पुढची गिऱ्हाइकं जुन्याच पुस्तकांनी घडवायची आहेत. प्रदर्शनात मी पाहिलं, भिंतीवरची चित्रं ओळखून पुढे धावणारी मुलं थोडी होती. बरीचशी आईबापांचा हात धरून ऐकत होती, हा कॅप्टन, हा नेस्टर, हे त्यांचं घर.