वेदनाशामक औषधे व रक्तदाबावरील उपचार : एक दुर्लक्षित परस्परसंबंध

प्रस्तावना : वर्धा शहरालगतच्या पिपरी मेघेसारख्या वस्तीत रक्तदाबाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, तर गुडघेदुखीची गोळी थेट औषधाच्या दुकानातून आणली जाते. वस्तुतः डायक्लोफेनॅक चिठ्ठीविना देण्यास कायद्याने मनाई आहे. या दोन गोळ्या परस्परांविरुद्ध कार्य करतात, ही बाब मात्र रुग्णाला क्वचितच सांगितली जाते.

परस्परसंबंधाचे स्वरूप : डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक ही दाहशामक औषधे प्रोस्टाग्लँडिन या द्रव्याची निर्मिती रोखतात. अॅस्पिरिनचे हेच कार्य जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. विशेष म्हणजे त्यांच्याच लंडन येथील प्रयोगशाळेत वाय. एस. बाखले यांनी सर्पविषातील घटकांवर केलेले कार्य पुढे कॅप्टोप्रिल या रक्तदाबावरील औषधाच्या शोधास उपकारक ठरले. आज परस्परविरोधी ठरणाऱ्या दोन औषधगटांचा इतिहास असा एकत्र आला आहे.

प्रोस्टाग्लँडिन रक्तवाहिन्या रुंद ठेवते व मूत्रपिंडाद्वारे मीठ बाहेर टाकण्यास साहाय्य करते. ते घटले की शरीरात मीठ व पाणी साठते आणि रक्तदाब सरासरी सुमारे ५ मि.मी. वाढतो. एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, मूत्रल औषधे यांचा प्रभाव त्यामुळे मंदावतो. अॅम्लोडिपिनवर परिणाम तुलनेने कमी होतो. अशा वेळी वेदनाशामकाची चौकशी न होता रक्तदाबाच्या गोळीची मात्राच वाढविली जाण्याचा संभव असतो.

याहून गंभीर प्रश्न मूत्रपिंडाचा होय. मूत्रपिंडातील गाळणीत रक्त आणणारी सूक्ष्म धमनी प्रोस्टाग्लँडिनमुळे रुंद राहते. वेदनाशामक तिला आकुंचित करते, टेल्मिसार्टन गाळणीतून रक्त बाहेर नेणारी धमनी सैल करते आणि मूत्रल औषध शरीरातील पाणी कमी करते. तिन्ही एकत्र आल्यास गाळणीतील दाब घसरून मूत्रपिंड अकस्मात निकामी होऊ शकते. टेल्मिसार्टन व मूत्रल औषध पुष्कळदा एकाच गोळीत असतात. वैशाखात उन्हात राबणाऱ्या, घामाने आधीच पाणी गमावलेल्या शेतमजुराच्या बाबतीत हा धोका अधिक संभवतो.

पॅरासिटामॉल हा अल्पकाळासाठी तुलनेने सुरक्षित पर्याय आहे. तथापि २०२२ मधील एडिंबरा येथील अभ्यासात दररोज ४ ग्रॅम मात्रेने रक्तदाब वाढल्याचे आढळले. शिवाय बाजारातील अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत अॅसिक्लोफेनॅकही असते, म्हणून वेष्टनावरील संपूर्ण नाव वाचणे अगत्याचे ठरते. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी दिलेली ७५ मि.ग्रॅ.ची अॅस्पिरिन मात्र या भीतीने परस्पर बंद करू नये. त्या अल्प मात्रेचा रक्तदाबावर लक्षणीय परिणाम होत नाही.