नावाचे धनी आणि कष्टाचे मानकरी

१९७४ सालच्या जानेवारीत अमेरिकेतील श्रोते 'फ्लीटवुड मॅक' या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांना तिकिटे काढून जमले, आणि रंगमंचावर अवतरले ते भलतेच लोक! ज्या दोघांच्या नावांवरून वाद्यवृंदाचे नाव पडले, त्यांपैकी एकही तेथे नव्हता. आधीचा दौरा १९७३ च्या ऑक्टोबरात अंतर्गत कलहामुळे अर्धवट सोडावा लागला होता. तेव्हा व्यवस्थापक क्लिफर्ड डेव्हिस यांनी नाव आपल्याच मालकीचे असल्याचा दावा करून नव्या माणसांचा संच उभा केला. प्रकरण न्यायालयात गेले आणि पुढे तडजोडीने मिटले. परंतु त्यातून उद्भवलेला प्रश्न संगीतापुरता मर्यादित नाही. माणसे बदलत असता संस्था तीच राहते, ती कशाच्या बळावर?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी १९६७ च्या लंडनकडे वळावे लागते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या दुःखातून जन्मलेल्या ब्लूज संगीताने त्या काळी इंग्रज तरुणांना झपाटले होते. जॉन मेयॉल यांचा वाद्यवृंद ही त्या संगीताची जणू पाठशाळाच होती. एरिक क्लॅप्टनच्या जागी तेथे आलेला पीटर ग्रीन हा अवघ्या विसाव्या वर्षी तेथून बाहेर पडला व त्याने स्वतःचा संच काढला. गिटारवादक म्हणून कीर्ती त्याची. पण संचाला नाव दिले ते मागे बसून ताल सांभाळणाऱ्या दोघांचे, ढोलवादक मिक फ्लीटवुड आणि बासवादक जॉन मॅक्व्ही यांचे. गंमत अशी की, मेयॉलकडील पगाराची जागा सोडावी की नाही, या विवंचनेत मॅक्व्ही प्रारंभी आलेच नाहीत. स्वतःचे नाव मागे ठेवण्याची ग्रीनची ही वृत्ती पुढे वाद्यवृंदाला तारक ठरली.

कारण कीर्तीच्या शिखरावरच पडझड सुरू झाली. 'अल्बट्रॉस' ही ग्रीनची शब्दविरहित रचना १९६९ च्या आरंभी ब्रिटनमध्ये अग्रस्थानी पोहोचली. परंतु मिळणारा पैसा दान करावा, असा ध्यास त्याला लागला. सहकाऱ्यांना ते मानवले नाही. १९७० च्या मे महिन्यात तो बाहेर पडला आणि मानसिक आजाराने त्याला ग्रासले. १९७१ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिस येथे जेरेमी स्पेन्सर पुस्तकांच्या दुकानात जातो म्हणून गेला, तो एका धर्मपंथात सामील झाला. मद्याच्या आहारी गेलेल्या डॅनी कर्वनला १९७२ मध्ये काढून टाकावे लागले. अडीच वर्षांच्या आत तिन्ही गिटारवादक गेले.

या उजाड काळात वाद्यवृंद तगला तो क्रिस्टीन मॅक्व्ही आणि बॉब वेल्च यांच्यामुळे. कॅलिफोर्नियाचा वेल्च १९७१ मध्ये आला. १९७४ पर्यंतच्या पाच ध्वनिमुद्रिकांना त्याचा हातभार लागला, आणि लॉस एंजेलिसला मुक्काम हलवावा हा आग्रहही त्याचाच. तेथेच एका ध्वनिमुद्रणगृहात फ्लीटवुड यांच्या कानी लिंडसी बकिंगहॅमचे वादन पडले. स्टीव्ही निक्सला सोबत घ्याल तरच येईन, ही त्याची अट मान्य झाली. १९७७ च्या 'रूमर्स'ने अमेरिकेत ३१ आठवडे अग्रस्थान राखले. आजवर तिच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. वेल्च मात्र १९७४ अखेरीसच थकून निघून गेला होता.

यावर ब्लूजचे निष्ठावंत म्हणतील, की या सुखद गाण्यांत ग्रीनचे संगीत उरले कोठे? आक्षेप रास्त आहे. तथापि त्या भाडोत्री संचाने जुनी गाणी हुबेहूब वाजवली असती, तरीही तो खोटाच ठरला असता. साम्य म्हणजे सातत्य नव्हे. अपयशाचे, कर्जाचे आणि कलहाचे ओझे ज्यांनी न सोडता वाहिले, नाव त्यांचे. सूर बदलले, ताल धरणारे हात तेच राहिले.

परंतु नाव टिकवणाऱ्यांवर एक ऋणही असते. १९९८ मध्ये अमेरिकेतील 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये या वाद्यवृंदाच्या आठ जणांना मानाचे स्थान मिळाले. सोडून गेलेले ग्रीन, स्पेन्सर आणि कर्वन त्यांत होते, हे उचितच झाले. वेल्चचे नाव मात्र त्या यादीत नव्हते. २०१२ मध्ये तो निवर्तला. पाया घालणाऱ्यांचे स्मरण राहते, कळस चढवणाऱ्यांचा जयजयकार होतो. मधल्या पडत्या काळात भिंती सावरून धरणारा विसरला जातो. शाळा असो, कचेरी असो वा वाद्यवृंद, संस्थेच्या कृतज्ञतेची खरी कसोटी अशाच माणसाच्या बाबतीत लागते.