आईचं मूत्रपिंड, लेकाचे हात

नेत्रशल्यचिकित्सक डॉ. तात्याराव लहाने यांचा जन्म १९५७ चा, लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात येण्याआधी त्यांनी अंबाजोगाईसारख्या छोट्या शहरात सरकारी नोकरी केली.

त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा १९९५ मध्ये आई अंजनाबाईंनी आपलं एक दिलं. पुढे डॉ. लहाने यांच्या हातून मोतीबिंदूच्या लाखाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. २००८ मध्ये पद्मश्री मिळाली.

त्याहून मोठं वाटतं ते आनंदवन या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीतलं काम. कुष्ठरोगात पापण्यांच्या नसा दुबळ्या होतात, डोळा नीट मिटत नाही, बुबुळ कोरडं पडतं. अशा रुग्णांसाठी सहकारी डॉ. रागिणी पारेख यांच्यासह त्यांनी तिथे जाऊन शिबिरं घेतली.

गाव कुठलंही असो, घरातल्या वडीलधाऱ्यांचा मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नका. आता त्याची गरज उरलेली नाही.