ब्रेन ट्यूमरमधून बरं झाल्यावर शाळेत आणि कामावर परतताना नेमकं काय अडतं?

ट्यूमर निघाला, रेडिएशन संपलं, डोक्यावर केसही परत आले. घरच्यांच्या लेखी आजार संपला. पालघर-बोईसरच्या कुटुंबासाठी याचा अर्थ परळच्या टाटा मेमोरियलच्या फेऱ्या कमी होणं असाही असतो. खरी अडचण मात्र अनेकदा यानंतर सुरू होते, आणि ती आधी शाळेत दिसते.

हुशार मूल मागे का पडतं?

मुलांच्या मेंदूत होणाऱ्या कॅन्सरमध्ये मेड्युलोब्लास्टोमा सर्वाधिक आढळतो. ऑपरेशननंतर थोड्या मोठ्या मुलांना सहसा डोकं आणि पाठीचा कणा दोन्हींवर रेडिएशन देतात, सोबत केमो. जीव वाचवणाऱ्या याच उपचारांचे परिणाम काही वर्षांनी उमटतात. शिकलेलं पुसलं जात नाही, पण नवं शिकण्याचा वेग कमी होतो. फळ्यावरचं लिहून घेईपर्यंत बाई पुढच्या मुद्द्यावर गेलेल्या असतात. तिसरीत ठीक असलेलं मूल सातवीत मागे पडतं आणि तोवर आजाराची आठवणही शाळेला नसते. मग शिक्का बसतो: आळशी.

कानाचंही तसंच. सिस्प्लॅटिन या औषधाने आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. हाक मारली की मूल ओ देतं, पण ‘स’, ‘फ’सारखे आवाज निसटतात आणि वाक्य अर्धवट कळतं. त्यामुळे ऐकू कमी येतंय अशी शंकाही कुणाला येत नाही.

शाळेला काय करता येईल?

फार खर्चाचं काही नाही. पहिला बाक, तयार नोट्स, दहाऐवजी चार गणितं, दुपारी थोडी विश्रांती. मूल आश्रमशाळेत असेल तर फिटची गोळी वेळेवर देण्याची जबाबदारी अधीक्षकांपैकी एकाने घ्यायला हवी. फिट आली तर कुशीवर झोपवायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठायचा.

दहावीला दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. अडतं ते प्रमाणपत्रापाशी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात ब्रेन ट्यूमरनंतरचे परिणाम असा वेगळा प्रकार नाही. ऐकणं, दृष्टी, चालणं किंवा शिकण्यातली अडचण यांपैकी जे लागू असेल त्यातूनच जावं लागतं. म्हणून दहावीची वाट न पाहता आठवीतच तपासण्या करून घेतलेल्या बऱ्या.

आणि तारापूर एमआयडीसीत?

इथले बरेच केमिकल कारखाने तीन पाळ्यांत चालतात. ज्याला फिट येऊ शकते त्याच्यासाठी रात्रपाळी हाच मोठा धोका, कारण जागरणाने फिट येण्याची शक्यता वाढते. उंचीवरचं काम, फिरती यंत्रं, रिॲक्टरजवळ एकट्याची ड्युटी हेही टाळायला हवं. पण ‘कामाला अयोग्य’ म्हणून घरी बसवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. स्टोअर, पॅकिंगची नोंद, लॅबमधली दिवसपाळी अशी कामं असतात. सूचना तोंडी न देता लिहून दिल्या तरी निम्मं काम सोपं होतं.

नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढू नये, हे त्याच कायद्याचं कलम सरकारी आस्थापनांना बांधील आहे. खासगी कारखान्यातल्या कंत्राटी पोराला त्याचा आधार नाही. ईएसआयची वर्गणी नियमित असेल आणि दोन वर्षं सलग नोकरी झाली असेल, तर कॅन्सरमध्ये 80 टक्के पगाराइतका भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. ठेकेदाराने वर्गणी भरलीच नसेल तर हीही वाट बंद.

मदत कुठे?

बालपणी कॅन्सर झालेल्यांसाठी टाटा मेमोरियलमध्ये 1991 पासून ‘ॲक्ट’ क्लिनिक आहे. उपचार संपल्यावरचे परिणाम तिथे तपासले जातात. अशाच बऱ्या झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीसोबत काम करतो. पुढच्या तपासणीला गेलात की डॉक्टरांकडून एका पानाचं पत्र मागा: काय झालं होतं, काय जमेल, काय टाळायचं, फिट आली तर काय करायचं. एक प्रत मुख्याध्यापकांना, एक सुपरवायझरला. आणि ट्यूमर कॅन्सरचा असेल तर लोकलच्या दिव्यांग डब्यातून जाता येतं, हॉस्पिटलचे कागद जवळ ठेवा.